रामटेकवर संशोधन करायचे आहे, पण कोणत्या विषयात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातून मराठी घेऊन एम.ए. झालेल्या एका विद्यार्थिनीला रामटेक परिसरावर पीएच.डी. करायची आहे. मेघदूतातला रामगिरी, विदर्भातील वाकाटक राजघराण्याचे ताम्रपट, मनसर आणि नगरधन येथील उत्खनने, महानुभाव पोथ्या आणि आज भरणारी त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा हे सगळे तिला एका प्रबंधात हवे आहे. मराठीच्या एका मार्गदर्शकांनी हा विषय इतिहासाचा आहे असे सांगितले आणि पुरातत्त्वाच्या एका जाणकारांनी तो साहित्याचा ठरवला. म्हणून ती विचारते की नोंदणी कोणत्या विषयात करावी, सुरुवात कुठून करावी, आणि वेगवेगळी साधने परस्परविरोधी काही सांगू लागली तर कोणावर विश्वास ठेवावा.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर सापडले की पहिल्या दोहोंची उत्तरे फारशी अवघड राहत नाहीत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

मानव्यशास्त्रांतील प्रत्येक साधन एखाद्या साक्षीदारासारखे असते. त्याने जे पाहिले तेवढेच त्याला विचारायचे असते. काव्य, ताम्रपट, मातीचा थर, पोथी आणि यात्रेकरू या पाचही साक्षीदारांनी रामटेक पाहिले आहे, परंतु प्रत्येकाने ते वेगळ्या काळात आणि वेगळ्या कारणाने पाहिले आहे. बहुविद्याशाखीय म्हणवणारे बरेचसे प्रबंध फसतात ते वाचन कमी पडल्यामुळे नव्हे. एका साक्षीदाराचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडी घातल्यामुळे ते फसतात.

हे रामगिरीच्याच उदाहरणाने पाहू. मेघदूताच्या पहिल्या श्लोकात यक्ष रामगिरीच्या आश्रमांत राहतो आणि तिथली पाणवठ्याची स्थळे जनकतनयेच्या स्नानाने पुण्यवान झाली आहेत असे कवी म्हणतो. हा रामगिरी कोणता, याविषयी मतभेद जुने आहेत. टीकाकार मल्लिनाथाने तो चित्रकूट मानला, काहींनी सरगुजातले रामगढ सुचवले आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामटेकचा पक्ष समर्थपणे मांडला. त्यांचा युक्तिवाद दोन स्वतंत्र पायांवर उभा आहे. पहिला काव्याच्या आतला आहे. मेघ रामगिरीहून निघून उत्तरेकडे जातो, आम्रकूट पर्वत ओलांडल्यावर त्याला रेवा म्हणजे नर्मदा दिसते, आणि त्यानंतर दशार्ण, विदिशा, उज्जयिनी येते. चित्रकूट मुळातच नर्मदेच्या उत्तरेला असल्यामुळे तिथून उत्तरेकडे निघालेल्या मेघाला वाटेत नर्मदा लागूच शकत नाही. दुसरा पाया काव्याच्या बाहेरचा आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूर ताम्रपट प्रवरसेन दुसरा याच्या १९व्या राज्यवर्षातला आहे आणि तो रामगिरिस्वामी या देवाच्या पादमूलापासून, म्हणजे चरणांपासून, दिल्याचे त्यातच म्हटले आहे. म्हणजे पाचव्या शतकात विदर्भात रामगिरी नावाचे देवस्थान होते आणि राजघराण्यातील स्त्री तिथे जाऊन दान देत होती, हे काव्याची कसलीही मदत न घेता सिद्ध होते.

इथपर्यंत सगळे ठीक आहे. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. प्रभावतीगुप्ता ही चंद्रगुप्त दुसरा याची कन्या होती, परंपरा कालिदासाला चंद्रगुप्ताशी जोडते, म्हणून कालिदास वाकाटकांच्या दरबारी आला असावा, म्हणून त्याने रामटेक पाहिले असावे, म्हणून मेघदूतातला रामगिरी रामटेकच असावा, आणि रामगिरी रामटेक ठरला म्हणून कालिदास चंद्रगुप्ताच्या काळातला ठरतो! हा युक्तिवाद फिरून आपल्याच शेपटीशी येतो. विदर्भातील अनेक लेखांत तो अत्यंत आत्मविश्वासाने मांडलेला तुम्हाला आढळेल. प्रवरसेन दुसऱ्याच्या सेतुबंध या प्राकृत महाकाव्याशी कालिदासाचे नाव जोडणारी परंपराही उत्तरकालीन टीकेतली आहे. तिची नोंद अवश्य घ्यावी, परंतु पाचव्या शतकाचा पुरावा म्हणून ती वापरू नये. माझे स्वतःचे मत रामटेकच्या बाजूचे आहे. तरीही मला जे पटते ते आणि मला जे सिद्ध करता येते ते, या दोहोंमधील अंतर प्रबंधात वाचकाला स्पष्ट दिसले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. रामगढचे समर्थक आम्रकूट म्हणजे अमरकंटक असे मानून आपला मार्ग जुळवतात, तेव्हा त्यांचे म्हणणेही पूर्ण मांडूनच त्याला उत्तर दिले पाहिजे.

आता ताम्रपटांकडे वळू. मराठी विभागातून आलेला विद्यार्थी ताम्रपटाला बहुधा इतिहासाचे पुस्तक समजून वाचतो आणि त्यातली वंशावळ उतरवून थांबतो. ताम्रपट हे मुळात जमिनीच्या दानाचे कागदपत्र आहे. ते कुठून दिले, कोणी दिले, कोणाला, कोणते गाव, त्याच्या चतुःसीमा काय, कोणत्या करांतून सूट दिली, लिहिले कोणी, अशा क्रमाने ते वाचावे. वाकाटकांचे लेख राज्यवर्षांत कालनिर्देश करतात, त्यामुळे एखादा लेख १३व्या वर्षातला आहे एवढे कळून इसवी सन कळत नाही. वाकाटकांच्या दोन ज्ञात शाखांपैकी थोरल्या शाखेचा कालक्रम प्रामुख्याने प्रभावतीगुप्तेच्या माहेरच्या नात्यावर, म्हणजे गुप्तांच्या कालक्रमावर टांगलेला आहे. वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशिमच्या, शाखेच्या बाबतीत मात्र वाशिम जिल्ह्यातील हिस्से-बोराळा येथे देवसेनाच्या काळातला शके ३८० चा लेख मिळाल्यामुळे आपल्या हाती एक पक्का खुंटा आला. अशा खुंट्यांची जाणीव नसेल तर वाकाटक राजांच्या सनावळ्या पुस्तकापुस्तकांत का बदलतात, हे तुम्हाला उमगणार नाही आणि तुम्ही त्यांतली एखादी सनावळी सोयीने उचलाल.

वस्तू सापडली कुठे आणि ती मूळची कुठली, हेही निरनिराळे प्रश्न आहेत. प्रभावतीगुप्तेचा पुणे ताम्रपट पुण्यात उजेडात आला म्हणून त्या नावाने ओळखला जातो, पण तो दिला गेला नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकपासून काही किलोमीटरवर असलेल्या आजच्या नगरधनहून. ताम्रपट माणसांबरोबर प्रवास करतो. भिंतीवरचा शिलालेख सहसा जागचा हलत नाही, आणि म्हणून रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातील लेखाला वेगळे मोल आहे. रंगाच्या आणि गिलाव्याच्या थरांखाली शतकानुशतके झाकलेला हा लेख १९८०च्या दशकाच्या सुमारास प्रकाशात आला. अ. प्र. जामखेडकर यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि पुढे हान्स बाकर व हरुनागा इसाक्सन यांनी त्याचे चिकित्सक संपादन केले. वाकाटक राजघराण्यातील व्यक्तींचा आणि प्रभावतीस्वामी या देवतेचा त्यात उल्लेख आहे.

या लेखाची संपादित संहिता समोर घेऊन बसा. काही ओळींत अक्षरे सलग दिसतील, काही ठिकाणी चौकोनी कंस, काही ठिकाणी नुसत्या रेघा किंवा वृत्ताच्या लघुगुरूच्या खुणा. चौकोनी कंसातली अक्षरे दगडावर स्पष्ट वाचता येत नाहीत. संपादकाने वृत्त, व्याकरण आणि संदर्भ पाहून ती भरलेली किंवा अंदाजलेली असतात. राजघराण्यातल्या नातेसंबंधांविषयी या लेखावरून जे निष्कर्ष काढले जातात, त्यांतील काहींचा सगळा भार अशा तुटलेल्या ओळींवर आहे. दुय्यम ग्रंथात ते निष्कर्ष येतात तेव्हा कंस गळून पडलेले असतात आणि अंदाज विधान होऊन बसतो. एवढ्यासाठीच मी प्रत्येक विद्यार्थ्याला मूळ संपादित पाठ, शक्य असेल तर ठशाचे छायाचित्रही पाहायला लावतो. वाकाटकांची पेटिकाशीर्षक ब्राह्मी, जिच्यात प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकट असते, थोड्या सरावाने वाचता येऊ लागते. मिराशींनी संपादित केलेला वाकाटक लेखांचा १९६३चा खंड, म्हणजे भारतीय शिलालेखसंग्रहाचा पाचवा खंड, या सरावासाठी आजही उत्तम आहे.

उत्खननाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. माती बोलत नाही, आणि थर एकदा खणला की तो पुन्हा खणता येत नाही, त्यामुळे उत्खननाचा अहवाल हेच पुढच्या अभ्यासकासाठी मूळ साधन ठरते. नगरधनच्या २०१५ ते २०१८ या काळातील उत्खननात प्रभावतीगुप्तेचे नाव आणि शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा मिळाली. नंदिवर्धन म्हणजे नगरधन हे समीकरण अभ्यासक आधीपासून मानत होते. मुद्रेने त्याला जमिनीतून आलेला आधार मिळाला, आणि हा आधार ताम्रपटांपासून स्वतंत्र असल्यामुळे अधिक मोलाचा आहे. तरीही मुद्रा हीसुद्धा पत्राबरोबर बाहेरून येऊ शकणारी वस्तू आहे, म्हणून ती एकटी पुरेशी नाही. तिच्या सोबतची मृद्भांडी, बांधकामाचे अवशेष आणि थरांचा क्रम यांच्यासह ती पाहिली तरच तिचे वजन कळते.

मनसरच्या हिडिंबा टेकडीवरील विटांच्या भव्य बांधकामाचा प्रश्न याहून नाजूक आहे. जगत्पती जोशी आणि अ. कृ. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे उत्खनन झाले. हे स्थळ वाकाटकांच्या लेखांतील प्रवरेश्वर देवस्थान आहे असे एक मत आहे, आणि बौद्ध परंपरेशी, आचार्य नागार्जुनाच्या स्मृतीशी त्याचे नाते आहे असे दुसरे. दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न केवळ ग्रंथालयात राहत नाही, आणि तो तसा राहावा अशी अपेक्षाही करू नये. मात्र संशोधकाने स्थळाची ओळख कशाच्या बळावर होते आहे हे पायरीपायरीने तपासले पाहिजे. मूर्ती कोणत्या थरात मिळाली, बांधकामाचे टप्पे किती, एका टप्प्यातील पुरावा दुसऱ्या टप्प्यालाही लावला जात आहे का, हे प्रश्न दोन्ही मतांना सारख्याच कठोरपणे विचारावेत. एकाच जागी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या उपासना चालल्याची उदाहरणे भारतात पुष्कळ आहेत. तेव्हा स्थळाची मालकी एकाच परंपरेला देण्याची घाई पुरातत्त्वाला करावी लागत नाही.

साहित्याकडून आलेल्या विद्यार्थ्याने लिखित पुरावा अजिबात नसलेले एखादे स्थळ तरी पाहावे, असे मला फार वाटते. काटोल रस्त्यावरचे जुनापाणी नागपूरकरांना जवळ आहे. तेथील शिलावर्तुळांचे उत्खनन १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक यांनी केले होते. तिथे नाव नाही, राजा नाही, श्लोक नाही. दगड, लोखंडी वस्तू आणि खापरे यांच्यावरूनच समाज समजून घ्यायचा असतो. हे एकदा नीट पाहिले की नगरधनच्या खापरांनाही स्वतःचे म्हणणे असते आणि ती ताम्रपटाची चित्रे म्हणून छापायची नसतात, हे लक्षात येते.

आता तुमच्या हक्काचा प्रांत, म्हणजे मराठी. वाकाटक राणीचा ताम्रपट ज्या ऋद्धपुरात मिळाला तेच अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर श्रीगोविंदप्रभूंचे, म्हणजे श्रीचक्रधरस्वामींच्या गुरूंचे स्थान आहे, आणि मराठीतील आद्य गद्याचा मोठा भाग या गावाच्या आसपास घडला. पाचव्या शतकाचा ताम्रपट आणि तेराव्या शतकाचे महानुभाव वाङ्मय एकाच गावात भेटतात म्हणून त्यांच्यात परंपरेचा धागा आहे असे मानू नये. पण आठशे वर्षांच्या अंतराने एकाच प्रदेशाकडे पाहणारी दोन अगदी वेगळ्या प्रकारची साधने तुमच्या हाती आहेत, ही संधी दुर्मीळ आहे.

महानुभाव वाङ्मयातील स्थानपोथीकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधीन. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, निजले त्या जागांची ती नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कुठे, मठ कुठे, गावाच्या कोणत्या बाजूला, असे तपशील तिच्यात भक्तीपोटी जपलेले आहेत. पंथीयांना ती स्थाने वंदनासाठी हवी होती. पुरातत्त्वाच्या अभ्यासकासाठी मात्र ती यादवकालीन वस्त्यांची जवळजवळ पाहणीच ठरते. तरीही महाराष्ट्रातील अनेक मंदिरांच्या सर्वेक्षणात तिचा उपयोग जितका व्हायला हवा तितका झालेला नाही. रामटेकच्या लक्ष्मण मंदिरातील यादव रामचंद्राच्या काळचा शिलालेख टेकडीवरील आणि परिसरातील तीर्थे सांगतो. तो लेख आणि महानुभाव साधनांतील स्थळवर्णने शेजारी ठेवून, पायी फिरून, आजच्या मंदिरांशी ताडून पाहणे हे एका प्रबंधाला पुरून उरेल एवढे काम आहे. मराठी, पुराभिलेख, स्थापत्य आणि धर्म यांचा मेळ तिथे आपोआप बसतो, कारण प्रश्नच तसा आहे.

या कामात पाठचिकित्सा, म्हणजे ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रतींतील पाठ ताडून पाहणे, टाळता येणार नाही. लीळाचरित्राचे अनेक पाठ आहेत आणि मूळ प्रत हरवल्यावर ते स्मरणातून पुन्हा सिद्ध झाल्याची परंपरा पंथातच सांगितली जाते. ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते या नागपूरच्या अभ्यासकांनी महानुभाव ग्रंथांच्या संपादनात आयुष्य घातले. कोलते यांच्या लीळाचरित्राच्या आवृत्तीला पंथातून तीव्र आक्षेपही घेतले गेले. ते आक्षेप अडथळा म्हणून बाजूला सारू नका. पोथी ज्यांच्या नित्यपाठात आहे त्यांना ती कशी दिसते, हाही धर्माच्या अभ्यासाचाच भाग आहे. मठात पोथी पाहायला जाल तेव्हा आधी कळवून, महंतांची अनुमती घेऊन जा, छायाचित्राची परवानगी वेगळी मागा, आणि नाही म्हटले तर तो नकार स्वीकारा. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेली हस्तलिखिते वाचायची असतील तर पंथातील जाणकारांकडूनच शिकावे, ते अधिक शुद्ध होते.

यात्रेचा भाग तुम्ही शेवटचे प्रकरण म्हणून ठेवलेला दिसतो, म्हणजे आधी खरा इतिहास आणि मग थोडे लोकजीवन. हा क्रम मला मान्य नाही. आजच्या रामटेकला वैष्णव मंदिरे आहेत, जैनांचे शांतिनाथ मंदिर आहे, अंबाळा तलावाच्या काठावर पितरांचे विधी चालतात आणि धूम्रेश्वराच्या स्थानाशी रामायणातील शंबूकाची कथा जोडलेली आहे. ती कथा वेगवेगळे समाज वेगवेगळ्या अर्थाने सांगतात. मुलाखत घेताना तुम्ही कोण आहात आणि समोरचा तुम्हाला काय सांगू इच्छितो, याची नोंद उत्तराइतकीच काळजीपूर्वक करा. आजच्या आठवणीवरून पाचवे शतक सिद्ध होत नाही, तसेच पाचव्या शतकाच्या लेखावरून आजची श्रद्धा खोटी ठरत नाही. टेकडीवरचे आज दिसणारे रूप तर बरेचसे अठराव्या शतकातील नागपूरकर भोसल्यांच्या जीर्णोद्धाराने घडले आहे, आणि तो थर ओलांडून थेट वाकाटकांपर्यंत उडी मारणे हा आपल्याकडचा जुना दोष आहे.

आता नोंदणीचा प्रश्न. ज्या साधनावर तुमचा मुख्य निष्कर्ष उभा राहणार त्याच्या विभागात नोंदणी करा, आणि उरलेल्या साधनांसाठी सहमार्गदर्शक मागा. मी वर सुचवलेला यादवकालीन स्थळवर्णनांचा विषय घेतलात तर मुख्य साधन मराठी पोथी राहील आणि मराठी विभागात त्याला आक्षेप घेण्याचे कारण उरणार नाही. वाकाटक काळच हवा असेल तर प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाकडे जा, परंतु त्यासाठी संस्कृत, ब्राह्मी आणि उत्खनन अहवाल वाचण्याची तयारी यांत निदान दोन वर्षे जातील, हे आधीच गृहीत धरा. पाचही विषय एकत्र घेऊ नका. मेघदूत तर या प्रबंधातून मी सरळ काढून टाकीन. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तुमच्या प्रश्नाला त्याची गरज नाही.

सुरुवातीचे वाचन नागपुरातच होऊ शकते. विदर्भ संशोधन मंडळ १९३४ पासून या प्रदेशाच्या इतिहासावर काम करीत आले आहे, विदर्भ साहित्य संघ १९२३चा आहे, विद्यापीठाचे ग्रंथालय आहेच, आणि आपण ज्याला अजब बंगला म्हणतो ते १८६३चे मध्यवर्ती संग्रहालय मूर्ती व शिल्पे प्रत्यक्ष पाहण्यासाठी आहे. रामटेकला कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ असल्यामुळे संस्कृतसाठी दूर जावे लागणार नाही. पहिल्या वर्षी लक्ष्मण मंदिराच्या लेखाची संपादित संहिता, स्थानपोथी आणि परिसराचा चांगला नकाशा एवढेच घ्या. प्रत्येक स्थळासाठी स्वतंत्र पान करा आणि त्यावर कोणते साधन काय म्हणते ते वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, आपला तर्क शेवटच्या रकान्यात, वेगळ्या शाईने. संशोधन आराखड्यात साधनांची लांबलचक यादी देण्याऐवजी अशी दोन-तीन भरलेली पाने जोडलीत, तर समितीपुढे विषय कोणत्या विभागाचा या वादात वेळ जाणार नाही, कारण काम कसे होणार आहे ते त्या पानांवरच दिसेल.